नव्वदचा ठेका

सून : बाबा, हे वळण संपेपर्यंत बोलू नका.

सासरे : मी एवढंच विचारलं, मिनिटाला पायाचे किती फेरे पडतायत.

सून : सत्त्याऐंशी.

सासरे : म्हणजे तीन कमी.

सून : तीन कमी पडले म्हणून काय आभाळ कोसळलं?

सासरे : मी कुठे काय म्हणतोय? तुझ्यासमोरची ती ठेका मोजायची डबी बोंबलतेय. तिची टिक आधी पडते आणि आपले पाय मागून येतात. मी नुसता ऐकतोय.

सून : थांबा, गियर हलका करते. हं. आता?

सासरे : आता बसला ठेका.

सून : ठेका बसला, पण सायकल हलतेय कुठे? पाय नुसते गरगरतायत. पिशवी घेऊन चालणारी एखादी म्हातारी आली ना, तर आपल्याला मागे टाकून जाईल.

सासरे : आहे का कुणी म्हातारी?

सून : नाही हो. बोलायची पद्धत.

सासरे : मला काय कळणार! डोळे गेल्यापासून असंच झालंय. पुढच्या सीटवरची तुझी पाठ मला दिसत नाही, आणि तू म्हातारी म्हणालीस की लगेच म्हातारी दिसायला लागते.

सून : हसवू नका. हसायला दम लागतो.

सासरे : बरं. दुपारी तुझा भाऊ येतोय ना न्यायला? तर आज अर्ध्यातूनच फिरू या. चार दिवसांची का होईना, बॅग भरायची असेल.

सून : बॅग कालच भरली. वर जाऊ या. शेवटचं एकदा...

सासरे : काय शेवटचं?

सून : शेवटचं वळण. तिथे चढ जास्त आहे. तेवढं एकदा पार पडलं की झालं, असं म्हणत होते.

सासरे : शेवटचं वळण अजून लांब आहे. तुला आत्ताच कसं आठवलं?

सून : बाबा, दम.

सासरे : गप्प बसलो.

सून : सपाटी आली.

सासरे : कळलं. पाय एकदम मोकळे झाले. गियर जड कर, नाहीतर पाय पळत सुटतील.

सून : केला. जरा पाय सोडू या का? दोन मिनिटं?

सासरे : सोडायचेत तुला?

सून : नाही, म्हणजे तुम्हाला सोडायचे असतील तर.

सासरे : मला काय, मी ठीक आहे. डबी काय म्हणतेय?

सून : नव्वद.

सासरे : मग चालू दे.

सून : चालू दे.

सासरे : मागून कुणीतरी येतंय. बरेच जण आहेत.

सून : रविवारवाली पोरं आहेत. टोप्या, चष्मे, सगळा सरंजाम. जाऊ द्या त्यांना पुढे.

सासरे : गेले. काय ओरडला गं तो जाताना?

सून : काका, केडन्स काय मस्त ठेवलाय, म्हणाला.

सासरे : मस्त म्हणे!

सून : तुमचं कौतुक केलं बिचाऱ्यानं.

सासरे : माझं कसलं? आपल्या भिंगरीचं, माझ्या पोराचं. केडन्स हा त्याचाच शब्द. मी आपला ठेका म्हणतो. चढ आला, आवाज बदलला.

सून : हो. गियर परत हलका. बाबा, खरंच आता थोडा वेळ काही नको.

सासरे : एकच सांगतो. पिवळ्या फाटकासाठी थोडा जोर शिल्लक ठेव. ते कुत्रं असणारच.

सून : असणारच. आपल्यावर डूख धरलाय त्यानं.

सासरे : आपल्यावर नाही, भिंगरीवर. गरगरणारे पाय दिसले की कुत्र्याला चेव येतो, असं तोच सांगायचा. सगळी गल्ली त्याला भिंगरी म्हणायची, पण मनावर घेतलं ते त्या कुत्र्यानं.

सून : वर्ष झालं त्याला जाऊन. कुत्र्याला कुणीतरी सांगायला हवं.

सासरे : हं.

सून : चुकून बोलून गेले.

सासरे : चुकून कशाला? माझा मुलगा होता तसा तुझा नवरा होता. तुला चेष्टा करायचा हक्क आहे. अगं, थांबली!

सून : कोण थांबली?

सासरे : डबी. टिक येत नाहीये.

सून : खरंच की. आकडाही गेला. सेल संपला असणार.

सासरे : मग?

सून : मग काय? तुम्ही सांगा.

सासरे : पुढे तू आहेस. हँडल तुझ्या हातात, ब्रेक तुझ्या हातात, गियर तुझ्या हातात. मी मागचं पार्सल.

सून : पार्सल पाय मारत नाही. टिक नसली तर चालेल का तुम्हाला?

सासरे : तुला चालेल का?

सून : मी आधी विचारलं.

सासरे : पाणी पिऊ या का?

सून : पिऊ. वळणावर नळ आहे. थांबवते हं. पाय सोडा. डावा टेका. आई गं! काही नाही, काही नाही. उतरा तुम्ही. उजवीकडे दोन पावलांवर कठडा आहे, त्यावर बसा. तापला असेल.

सासरे : तापलेलाच बरा वाटतोय. बाटली भर.

सून : भरतेय. धार बारीक आहे.

सासरे : हे काय फाडलंस?

सून : काही नाही, पिशवी उघडली.

सासरे : पिशवीला बटण आहे. हा चर्र आवाज पट्ट्याचा. माझा कमरेचा पट्टा काढताना येतो तोच.

सून : तुमचे कान ना, बाबा!

सासरे : कुठे बांधलायस?

सून : गुडघ्याला. उजव्या.

सासरे : कधीपासून?

सून : थंडीपासून.

सासरे : थंडी जाऊन उन्हाळा आला! एका शब्दानं बोलली नाहीस?

सून : काय बोलायचं? हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर उभं राहायचं, ओल्या चादरी ओढून काढायच्या. तिथे सगळ्याच बायकांचे गुडघे बोलतात. आम्ही आपसात बोलतो आणि घरी येतो. फोन वाजतोय. आईंचा आहे. हात ओले आहेत, स्पीकरवर टाकते. हं, बोला आई.

सासू : पोचलात का वर?

सून : नाही. नळापाशी आहोत.

सासू : अजून नळापाशीच? बरं, ते जाऊ दे. डबी बंद पडली तर ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात सेल आहे, काढून घे. परवा मला खास दुकानात पाठवून आणायला लावला. मध्येच बंद पडली तर तिला वाईट वाटेल, म्हणे.

सासरे : अगं ए...

सासू : स्पीकरवर आहे का? असू दे. मी काही चोरून बोलत नाही. आणि हे बघ, ह्यांना जरा दमानं घ्यायला सांग. रविवारी घरी आले की संध्याकाळपर्यंत आडवे. गरम पाण्याची पिशवी देते, ती एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर. तुझी चाहूल लागली की मात्र उठून बसतात, काही झालंच नाही असे.

सासरे : तू आता फोन ठेव.

सासू : का म्हणून ठेवू? मुद्द्याचं तर राहिलंय. तुझ्या भावाचा फोन आला होता. जेवायच्या वेळेला पोचतो म्हणाला. आणि विचारत होता, टेम्पो सांगून ठेवू का? मी म्हटलं, अरे बाबा, चार दिवसांच्या बॅगेला टेम्पो कशाला? तर म्हणतो, ताईचं कपाट, शिलाई मशीन, सगळंच आणायचंय ना? मला काही बोध होईना. हॅलो? आहेस का गं?

सून : आहे.

सासू : त्याची काहीतरी गफलत झाली असेल.

सून : मी करते त्याला फोन. तुम्ही काही बोलू नका त्याच्याशी.

सासू : बरं बाई. ऊन चढतंय, लवकर या.

(फोन बंद होतो. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहतं.)

सासरे : नळ बंद कर.

सून : हो.

सासरे : टेम्पो.

सून : बाबा...

सासरे : नाही, मी नुसता शब्द म्हणून बघतोय.

सून : मी सांगणार होते. वर गेल्यावर.

सासरे : वर कशाला? चढ चढवून आणायचा आणि मग म्हाताऱ्याला तिथून ढकलायचं, म्हणजे सोपं जातं?

सून : असं बोलू नका हो.

सासरे : चुकलं. दमलो की माझी जीभ वाकडी चालते. बोल तू. मी ऐकतो.

सून : मला होत नाही आता. बाकी काही नाही, होत नाही. आठवडाभर चादरी आणि रविवारी हे नव्वद. शनिवारी कामावरून निघतानाच उद्याचा चढ दिसायला लागतो. चढ लागला की वाटतं, आता गुडघा निखळून रस्त्यावर पडेल. सपाटीला तरी जरा पाय सोडावे, तर टिकटिक. चढाला टिकटिक, सपाटीला टिकटिक. रस्ता बदलला की गियर बदलायचा, पाय नाही, असं तो सांगायचा. त्याचे पाय होते तसले. माझे नाहीत.

सासरे : मग हळू करायचं होतंस.

सून : कसं करणार? दोघांची पेडलं एकाच चेनवर. मी जरा हळू केलं की तुम्हाला लगेच कळणार. आणि तुम्हाला त्याचाच ठेका लागतो. इतकी वर्षं तुम्ही त्याच्या मागे बसलात. मला वाटायचं, पाय तसेच फिरले तर तुम्हाला घडीभर तोच पुढे बसलाय असं वाटत असेल. ते मी कुठल्या तोंडानं मोडायचं?

सासरे : मला लागतो?

सून : तुम्हालाच! दर दोन मिनिटांनी, किती पडतायत, किती पडतायत.

सासरे : अगं बाई, ते मी तुझ्यासाठी विचारतो!

सून : माझ्यासाठी?

सासरे : मग काय माझ्यासाठी? डोक्यातली नस फुटली आणि तो एका दुपारीत गेला. त्यानंतर तू खोलीतून बाहेर येत नव्हतीस. ताट दाराशी ठेवायला लागायचं. मग एका रविवारी तू येऊन म्हणालीस, बाबा, चला. डबी चालू केलीस. मी म्हटलं, पोरीला त्या टिकटिकीत नवरा ऐकू येतोय. आता आपल्या मांड्या गेल्या तर गेल्या. आणि वर पोचलीस की तू हसायचीस.

सून : हसत नव्हते. धापा टाकत होते.

सासरे : मागून ते सारखंच ऐकू येतं.

सून : आणि मी चला म्हणाले, ते तुम्ही खिडकीशी बसून राहायचात म्हणून. आई म्हणाल्या, ह्यांचं काही खरं दिसत नाही, तूच काहीतरी कर.

सासरे : असं म्हणाली? तुझ्याबद्दल मला अगदी हेच म्हणाली होती.

सून : म्हणजे आईंनी दोघांनाही...

सासरे : तिला नको बोलूस. तिला दोघंही घराबाहेर हवे होते. केर काढायचा असेल.

सून : बाबा, मला त्या डबीचा राग येतो. खरंच सांगते. सायकल पुसताना वाटतं, उपटून गटारात टाकावी. आणि तरी सेल आणून ठेवलाय. हा बघा, माझ्या पाकिटात. तुमचं मन मोडायला नको म्हणून.

सासरे : दे इकडे. आणि हा माझा.

सून : दोन झाले.

सासरे : ठेव कठड्यावर. कुणाच्या भिंतीवरच्या घड्याळाला लागले तर नेईल.

सून : तुम्हाला नक्की नको ना?

सासरे : अगं, मी ट्रेडलवरचा माणूस. छापखान्यात पायानं मशीन मारायची, एका हातानं कागद द्यायचा, दुसऱ्यानं काढायचा. घाई केली की बोटं मशीनच्या जबड्यात. शेजारच्या मशीनवाल्याची गेली तशी, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणून पाय कसा, जड आणि संथ. धपाक, धपाक. सगळी हयात त्या चालीत काढली. मग डोळे गेले. पोरानं कुठून तरी ही जोडसायकल आणली आणि म्हणाला, बाबा, आता नव्वद. मी म्हटलं, मेलो.

सून : त्याला का नाही सांगितलंत?

सासरे : सांगितलं एकदा. तर मला वाचून दाखवलं, जड गियर रेटत बसलं की गुडघे जातात, पाय हलके आणि भरभर फिरवावेत. असेलही खरं. त्याच्या छातीला, त्याच्या वयाला. आणि इतका खूश असायचा गं, बाप मागे बसलाय, बापाला डोंगर चढवतोय म्हणून. त्याला कोण बोलणार? इतकी वर्षं त्याच्या ठेक्यावर फिरलो, आणि वर्षभर तुझ्या.

सून : माझा नव्हता तो.

सासरे : ते आता कळतंय.

सून : म्हणजे वर्षभर आपण दोघंही...

सासरे : नको असलेलं, जीव तोडून. आता रडू नकोस. नाही, रड. रडायचं तर रड, मी कुठे बघतोय!

सून : तुम्ही म्हणजे ना... मला ना, दुसरीच भीती वाटायची. सांगू?

सासरे : सांग.

सून : ही रविवारची सायकल सोडली तर मी तुमच्या घरात कोण? तो नाही. मूलबाळ नाही. स्वयंपाकघरात आई मला कशाला हात लावू देत नाहीत. तुमचे कपडे, तुमची औषधं, सगळं तुमचं तुम्हाला हाताशी सापडतं. माझं काम एकच, पुढे बसायचं. आणि गुडघा तेवढंही करू देईना. भाऊ फोन करून मागेच लागला होता, ये म्हणून. म्हटलं, जावं. तिथे निदान मी बहीण तरी आहे. बोला ना काहीतरी.

सासरे : काय बोलू? राग आलाय मला.

सून : माझा?

सासरे : सगळ्यांचा. पुढे बसायचं काम म्हणे! ड्रायव्हर ठेवलीये का आम्ही? अगं, संध्याकाळी कामावरून येतेस, तेव्हा चपला कशा काढतेस ठाऊक आहे? एक नीट काढतेस आणि दुसरी पायानंच भिरकावतेस. ती भिंतीवर आपटली की तुझी सासू गॅस पेटवते आणि मी रेडिओ बारीक करतो. ती दुसरी चप्पल पडेपर्यंत आमच्या घरात संध्याकाळ होत नाही. त्यात सायकल कुठे आली?

सून : त्या चपलेवरून आई रोज ओरडतात मला.

सासरे : ओरडणारच. परक्या बाईवर ओरडेल का ती? परकीला बशीत बिस्किटं देते.

सून : हे मात्र खरं आहे.

सासरे : भावाकडे जायचं तर जा. खुशाल टेम्पो बोलाव, कपाट ने, मशीन ने, उचलायला मी हात लावतो. आमचा कंटाळा आला म्हणून जा. नवं काही मांडायचंय म्हणून जा, माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही. पण गुडघा दुखतोय हे म्हाताऱ्याला सांगता येईना, म्हणून जाऊ नकोस. ते माझ्या जिवाला लागेल. ही सायकल आजच माळ्यावर टाकू.

सून : माळ्यावर मावायची नाही. दोन माणसांची लांबी आहे तिची.

सासरे : मग भिंतीला टांगू. सासू तुझी कपडे वाळत घालेल.

सून : घालतील. खरंच घालतील.

सासरे : फिरू या मागे? उतारच आहे, पाय मारायला नकोत.

सून : नाही. वर जाऊ.

सासरे : आणि गुडघा?

सून : पट्टा जरा सैल बांधते. सावकाश जाऊ. पण तुमचं ते धपाक धपाक नको हं, तेवढं जड मला रेटवणार नाही. आणि नव्वदही नको. मधलं काहीतरी.

सासरे : मधलं म्हणजे किती?

सून : मला काय माहीत? डबी बंद आहे.

सासरे : ब्येस.

सून : थांबा, एक फोन करते. आई, ऐका ना. भाऊ आला की त्याला सांगाल का, टेम्पो नको म्हणावं. गफलत त्याची नव्हती, माझी होती. घरी आल्यावर सगळं सांगते.

सासू : अगं, झालंय काय? आवाज का असा येतोय तुझा? पडलात का कुठे?

सून : नाही पडलो. मी चार दिवस जाऊन येते त्याच्याकडे. बॅगेतलं थोडं काढून ठेवावं लागेल, जास्त भरलंय.

सासू : मग मी काय म्हणत होते? चार दिवसांच्या बॅगेला टेम्पो कशाला!

सून : हो ना. आणि आम्हाला उशीर होईल. भावाला वाढा, तुम्हीही जेवून घ्या.

सासू : किती उशीर?

सासरे : सांगता येत नाही म्हणावं.

सासू : ऐकलं मी. त्याला वाढते. मी थांबते तुमच्यासाठी. ह्यांची पिशवी गरम करून ठेवू का?

सून : दोन करा आई. एक माझ्या गुडघ्याला.

सासू : तुझ्या गुडघ्याला काय झालं? मला मेलीला या घरात कुणी काही सांगतच नाही!

सासरे : ठेव आता फोन, नाहीतर इथेच जेवण मागवावं लागेल. बसू का मी?

सून : बसा. उजवं पेडल वर घेतलंय. चढावर निघायचंय, पहिला जोर दोघांनी एकदम. मी म्हणाले की.

सासरे : म्हण.

सून : चला!

सासरे : हं. हं. अगं, हळू!

सून : मी हळूच आहे. तुम्ही पळताय.

सासरे : माझे पाय आपोआप पळतात. लागलेली सवय.

सून : माझंही तेच चाललंय. थांबा, गियर एक जड करते, म्हणजे पायाखाली काहीतरी लागेल.

सासरे : लागलं. हां, आता रस्ता लागला पायाला.

सून : फार जड नाही ना?

सासरे : नाही. गुडघा काय म्हणतो?

सून : दुखतोय. पण मघाचं ओरडणं थांबलंय.

सासरे : दमलीस?

सून : दमलेय. तुम्ही?

सासरे : मीही. खूप दमलोय. वर्षभर दमलोय. सांगून टाकलं, बरं वाटलं.

सून : मलाही.

सासरे : पण एक गंमत झाली. आपण कुठे आलोय ते मला कळत नाहीये.

सून : म्हणजे?

सासरे : त्या ठेक्यात मला रस्ता पाठ होता. इतक्या टिका झाल्या की नळ, इतक्या झाल्या की रस्त्यातलं ते गटाराचं हलणारं झाकण. या चालीत सगळंच इकडचं तिकडे झालं. आज खराखुरा आंधळा झालो बघ.

सून : मी सांगते ना.

सासरे : बोलायला दम पुरेल?

सून : पुरतोय की! मघापासून बोलतेय, माझ्या लक्षातच आलं नाही.

सासरे : भिंगरी मला आकडे सांगायचा. रस्ता कधी सांगितला नाही त्यानं. सांग, काय दिसतंय?

सून : डावीकडे भिंत आहे. तिच्यावर कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्यायत, एक पार जुनी, कापूस बाहेर आलेली. वरच्या खिडकीत एक माणूस दाढी करतोय. अर्धा गाल फेसानं भरलाय आणि तसाच आपल्याकडे बघत उभा आहे.

सासरे : बघू दे. पुढे?

सून : पुढे पिवळं फाटक.

सासरे : जोर लावू?

सून : नको. आहे तसंच राहू द्या.

सासरे : कुत्रं आहे?

सून : आहे. फाटकाबाहेर आडवं पडलंय. आपल्याकडेच बघतंय.

सासरे : उठलं का?

सून : एक कान वर केला.

सासरे : आणि?

सून : परत झोपलं.

सासरे : कळलं असेल त्याला.